बाटली बिघडली नसेल, साका ढवळला असेल

तुमची १९८५ची व्हिंटेज पोर्ट, म्हणजे त्या एकाच वर्षाच्या द्राक्षांची पोर्तुगीज गोड वाइन, शेवटच्या पेल्यांत गढूळ आणि कडवट लागली, मित्रांनी ती बिघडल्याचं ठरवून टाकलं, आणि आता दुसरी बाटली १९९४च्या शेजारी ठेवून चाखावी का, असं तुम्ही विचारलंय. वाचताना मला आमची १९७७ आठवली. जरूर चाखा.

ती मी पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराच्या समोरच्या काठावरून, गाइया गावातून आणली होती. शुक्रवारी रात्री पुण्यात पोचलो आणि शनिवारी संध्याकाळी उघडली. बॅगेत, टॅक्सीत, घाटात ती उलटीसुलटी झालेली. मी बूच काढलं आणि चहा ओततात तशी सरळ सहा पेल्यांत ओतली. पहिले दोन पेले नितळ, विटकरी लाल. सहाव्याच्या तळाशी चहाच्या चोथ्यासारखा काळा चुरा. पहिला मित्र अंजीर, अक्रोड म्हणत होता आणि सहावा म्हणाला, हा तर काढा आहे. तासभर वाद घातला. एकाच बाटलीतून सहा जण सहा वेगळ्या गोष्टी पीत होतो, मग तुलना कशाची करणार? उरलेली मी खराब समजून सिंकमध्ये ओतली. त्याचं आजही वाईट वाटतं. विकणाऱ्या दुकानाने बाटली सुंदर कागदात गुंडाळून दिली, पण आधी उभी ठेवा एवढं एक वाक्य सांगितलं नाही. नंतर केलेल्या मेलला उत्तरही नाही. एवढे पैसे घेता, तर पिशवीत एक चिठ्ठी टाका ना!

व्हिंटेज पोर्ट लाकडी पिंपात दोन-तीन वर्षंच असते आणि न गाळता बाटलीत भरतात. पुढे कित्येक वर्षं तिच्यातला रंग आणि टॅनिन, म्हणजे द्राक्षातला तुरटपणा, बाटलीतच साका होऊन बसतात. टॉनी हा पोर्टचा दुसरा प्रकार पिंपातच मुरतो, म्हणून तो सरळ ओतला तरी चालतो.

प्रवास झालेला असेल तर माझ्या मते बाटली आठवडाभर उभी ठेवावी. दोन दिवस पुरतात असंही म्हणतात. मी आता तेवढी घाई करत नाही. जुनं बूच भुसभुशीत असतं, तेव्हा दोन पात्यांचा ओपनर मागून आणा. तुकडे आत पडलेच तर मलमलीचं फडकं, पण नुसत्या पाण्यात धुतलेलं. साबणाचा वास वाइनला लगेच लागतो. मानेखाली मोबाइलचा टॉर्च धरा, एका दमात हळूहळू जगमध्ये ओता आणि साक्याची धुरासारखी रेघ बाटलीच्या खांद्याशी आली की थांबा. तळाचं अर्ध्या वाटीइतकं जाऊ द्या. १९९४ दोन-तीन तास आधी ओतून ठेवा, १९८५ तासभर आधी. आपल्याकडच्या उकाड्यात जग वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

मी आधी जुनी देतो, कारण तरुण पोर्टचा जोर तिला झाकून टाकतो. इथे मतभेद आहेत. जेवणात गुलाबजाम ठेवू नका, त्यानंतर कुठलीही पोर्ट आंबट लागते, अक्रोड पुरेत. आणि गोव्यात मिळणारी पोर्ट वाइन या रांगेत नको. ती मलाही आवडते, पण पोर्तुगालच्या डोरो नदीच्या खोऱ्यातली पोर्ट ही वेगळी चीज आहे.

मी काही व्यावसायिक चाखणारा नाही. व्हिनेगरचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर मात्र बाटली खरंच गेली समजा. तोवर ती दुसरी बाटली आजच उभी करा आणि मित्रांना पुढच्या शनिवारी बोलवा.