भाषणं नंतर, आधी मोजायला शिक

तुझं पत्र वाचलं. भाषण कसं लिहायचं, कुठल्या कॉन्फरन्सला जायचं, बरंच काही विचारलंयस. पण खरं सांगू का, अण्वस्त्रांविरुद्ध भाषणं करणारे ढिगाने आहेत, देशांच्या अणुकार्यक्रमांची तपासणी कशी चालते हे कळणारे मोजके आणि खरं काम त्यांच्यावाचून अडतं.

एनपीटी, म्हणजे अण्वस्त्रांचा प्रसार रोखणारा करार, मुळातून वाच, छोटासाच आहे. 1970 पासून लागू. ज्यांच्याकडे बॉम्ब नाही त्यांनी बनवायचा नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांनी तो संपवायच्या दिशेने प्रामाणिकपणे वाटाघाटी करायच्या, आणि शांततेसाठीची अणुऊर्जा सगळ्यांना, असा एकूण सौदा. आता यातल्या पहिल्या भागावर व्हिएन्नाच्या आयएईएचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं लक्ष असतं, दुसऱ्यावर कोणाचंच नाही, तो ज्यात आहे त्या कलम 6 मध्ये ना तारीख ना आकडा. बिनबॉम्बवाल्या देशांचा जो राग दिसतो तो इथला आहे, उगाच नाटक नाही ते. 2017 मध्ये 122 देशांनी अण्वस्त्रबंदीचा वेगळा करार मंजूर केला तो याच वैतागातून, आणि अण्वस्त्रधारी एकही देश त्यात नाही.

तपासणीचं म्हणशील तर इराकपासून सुरू कर. इराक एनपीटीत होता, इन्स्पेक्टर जात होते, पण मुख्यतः इराकने स्वतः जाहीर केलेल्या जागा बघत होते, आणि 1991 च्या युद्धानंतर बाहेर आलं की गुपचूप अण्वस्त्रांचा भलताच कारभार चालू होता. त्यातूनच 1997 चा अ‍ॅडिशनल प्रोटोकॉल, म्हणजे तपासणीचा जादा करार आला, ज्यात जाहीर न केलेल्या जागांबद्दलही विचारता येतं.

याउलट दक्षिण आफ्रिका. सहा बॉम्ब बनवले, स्वतःच मोडले, आणि 1993 मध्ये जगाला सांगितलं. आता नसलेली गोष्ट नाही हे सिद्ध कसं करणार? तर इन्स्पेक्टर बसले युरेनियम प्लँटची जुनी रजिस्टरं घेऊन, किती बनलं, किती वापरलं, किती उरलं, हिशेब जुळतो का. अगदी दुकानाचा स्टॉक तपासावा तसं! मला तर हे काम कुठल्याही शिखर परिषदेपेक्षा भारी वाटतं.

अर्थात तपासणी चोख असली म्हणजे करार टिकतोच असं नाही हं. 2015 च्या इराण करारात युरेनियमचं संवर्धन (म्हणजे त्यातला कामाचा भाग वाढवणं) 3.67 टक्क्यांपर्यंतच, साठा 300 किलोपर्यंतच, सगळं मोजून मापून बांधलेलं, इराण अटी पाळतोय असं आयएईए सांगत होती, तरी 2018 मध्ये अमेरिका बाहेर पडली. तिथे फिजिक्स कमी पडलं नाही, राजकारण आडवं आलं.

एनपीटीच्या आढावा परिषदा 2015 आणि 2022 दोन्ही वेळा अंतिम दस्तऐवजाशिवाय संपल्या, ते वाचून लगेच खचू नकोस, तिथे सर्वसहमती लागते, एक देश अडला की संपलं. कोण कशावर अडलं ते मात्र बघून ठेव, 2015 ला मध्यपूर्व अण्वस्त्रमुक्त करण्याचा मुद्दा, 2022 ला युक्रेनमधला रशियाच्या ताब्यातला झापोरिझ्झिया अणुप्रकल्प.

डिग्री कुठलीही घे, पण संवर्धन, ते करणारी सेंट्रिफ्यूज यंत्रं, प्लुटोनियम कसं वेगळं काढतात एवढं आलंच पाहिजे. आणि आयएईए 8 किलो प्लुटोनियमला ‘लक्षणीय प्रमाण’ धरते ते का, हे शोधून पुढच्या पत्रात तुझ्या शब्दांत लिही, मग कॉन्फरन्सचं बोलू.