घरी फोटो छापायला कुठला इंकजेट प्रिंटर घ्यावा?
फोटोच मेन काम असेल तर चार नाही, सहा रंगांचा इंक टँकवाला (शाई भरायच्या टाक्या असलेला) बघा, एप्सन एल८०५० किंवा कॅनन जी५७०. एप्सनमध्ये फिकट निळी आणि फिकट गुलाबी शाई जास्तीची असते त्यामुळे चेहऱ्यावरच्या हलक्या छटांत ठिपके दिसत नाहीत, मुलांचे फोटो छापून बघा म्हणजे कळेल. महिन्याला चार-पाचच फोटो छापणार असाल तर मात्र खरंच घेऊ नका, स्टुडिओतून छापून घ्या, कारण प्रिंटर पडून राहिला की नोझलमध्ये, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांत, शाई सुकते आणि ती साफ करायच्या हेड क्लीनिंगमध्ये शाई वाया जाते. घेतलात तर आठवड्याला एक रंगीत पान काढाच. आणि ग्लॉसी पेपर टाकून सेटिंग प्लेन पेपरचं ठेवू नका हो, रंग हमखास बिघडतात! ४ बाय ६ साठी फोटो १२०० बाय १८०० पिक्सेलचा तरी हवा.