वाचकांचे प्रश्न : हिमोफिलिया आणि सांध्यांची ऑपरेशन्स

प्रश्न : डॉक्टर, मला सिव्हिअर हिमोफिलिया ए (रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर 8 या प्रथिनाची जन्मजात तीव्र कमतरता) आहे, वय 36. लहानपणी फॅक्टरचं इंजेक्शन वेळेवर मिळायचं नाही, उजव्या गुडघ्यात सारखा ब्लीड व्हायचा. आता गुडघा नीट सरळ होत नाही, वाकतही नाही, रात्री ठणकतो. एक डॉक्टर म्हणतात बदलून टाका, दुसरे म्हणतात पन्नाशीपर्यंत थांबा. कुणाचं ऐकू? आणि ऑपरेशनमध्ये रक्त थांबलंच नाही तर?

उत्तर : आधी भीतीचं बघू, कारण बरेच जण तिथेच अडकतात. फॅक्टर 8 चं किलोमागे 1 युनिट दिलं की लेव्हल साधारण 2 टक्क्यांनी वाढते, म्हणजे तुमचं वजन 60 किलो धरलं तर लेव्हल 100 टक्क्यांच्या आसपास न्यायला 3000 युनिट लागतात, आणि त्यातलं निम्मं 8 ते 12 तासांत संपतं म्हणून परत परत द्यावं लागतं किंवा सलाइनसारखं सलग चालू ठेवतात. मोठ्या ऑपरेशनआधी लेव्हल 80 ते 100 टक्के, पहिले तीन दिवस 60 ते 80, पुढचे तीन दिवस 40 ते 60, मग दोन आठवडे होईपर्यंत 30 ते 50, असा साधारण हिशोब असतो. हे नीट पाळलं तर टेबलावरचं रक्त आटोक्यात राहतं. गोची होते ती फॅक्टर मधेच संपला तर, त्यामुळे सगळा स्टॉक हातात आल्याशिवाय तारीख घेऊच नका. आणि इन्हिबिटरची टेस्ट, म्हणजे शरीराने फॅक्टरविरुद्ध अँटिबॉडी तयार केल्यात का ते, पूर्वी निगेटिव्ह आली असली तरी ऑपरेशनआधी पुन्हा करा. इन्हिबिटर असेल तर ऑपरेशन होतच नाही असं नाही, पण औषधं बदलतात, प्लॅन सगळाच बदलतो.

आता वयाचं. कृत्रिम गुडघा कधीतरी सैल होतो, मग परत ऑपरेशन, म्हणून साध्या संधिवातात तरुणांना थांबवतात, तो सल्ला चुकीचा नाही. पण हिमोफिलियात तिशी-चाळिशीत गुडघा बदलावा लागणं काही नवीन नाही. तुम्ही थांबाल तसा गुडघा वाकडाच आखडत जाणार, मांडी बारीक होणार आणि सगळा भार दुसऱ्या पायावर आणि घोट्यांवर, ते तरी कुठे धड आहेत? एक्सरेत कूर्चा उरलेली नसेल, रात्रीची झोप उडत असेल आणि फिजिओ-औषधं करून झाली असतील तर नुसत्या वयाच्या आकड्यासाठी थांबू नये, हे माझं स्पष्ट मत.

फक्त अपेक्षा आधीच नीट ठेवा. दुखणं जातं, बऱ्याच जणांचा पाय बराचसा सरळ होतो. वाकणं मात्र आधी किती होतं त्यावरच ठरतं, आज जेमतेम 50 अंश वाकत असेल तर नंतर मांडी घालून बसता येईल असं कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका. इन्फेक्शनचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो, दात किडले असतील तर ते आधी उरकून घ्या. दोन्ही गुडघे गेलेले असतील तर एकाच वेळी करता येतील का ते विचारा, फॅक्टर बराच वाचतो.

आणि एक, ऑपरेशननंतर गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायचं नाही. बरं वाटतं, सगळे घेतात, आणि तिथेच गुडघा परत वाकडा राहायला लागतो. उशी घ्यायचीच तर टाचेखाली. फिजिओ कित्येक आठवडे चालतो आणि सुरुवातीला त्याच्या आधी फॅक्टर घ्यावा लागतो, तो खर्च हिशोबात धरायचं लोक हमखास विसरतात.

प्रश्न : माझा मुलगा 11 वर्षांचा, प्रोफिलॅक्सिस (ब्लीड टाळायला नियमित दिलं जाणारं औषध) चालू असूनही गेल्या पाच-सहा महिन्यांत डाव्या कोपरात चार वेळा ब्लीड झाला. सूज उतरतच नाही. डॉक्टर सांध्यात रेडिओॲक्टिव्ह इंजेक्शन द्यायचं म्हणतात. हे ऐकूनच पोटात गोळा आला.

उत्तर : ताई, घाबरणं साहजिक आहे. सांध्यात रक्त साचलं की त्यातलं लोह आतल्या अस्तरात मुरतं, अस्तर सुजून जाड होतं, त्यात नाजूक रक्तवाहिन्या वाढतात आणि त्याच परत फुटतात. सहा महिन्यांत तीन किंवा जास्त वेळा आपोआप ब्लीड झाला तर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात, तुमच्या मुलाचं कोपर तिथे पोचलंय. ते अस्तर सुकवण्यासाठी हे इंजेक्शन, गुडघ्यात सहसा यट्रियम-90, कोपर-घोट्यात रेनियम-186. किरण काही मिलिमीटरच आत जातात. फॅक्टर देऊन करतात, मोठी चीर नाही, नंतर हात थोडे दिवस स्थिर ठेवायचा. आत्तापर्यंतच्या पाहणीत कॅन्सर वाढल्याचं दिसलेलं नाही, तरी मुलांमध्ये डॉक्टर जपूनच ठरवतात आणि तुम्ही खुशाल खोदून विचारा. गेलेली कूर्चा याने परत येत नाही, म्हणून फार रेंगाळू नका. यानेही थांबलं नाही तर काही महिन्यांनी परत देता येतं, नाहीतर दुर्बिणीतून अस्तर काढतात, पण त्यात कोपर आखडायची शक्यता असते. त्याआधी प्रोफिलॅक्सिसचा डोस आणि दिवस मात्र एकदा तपासून घ्या, कधी कधी सगळी गडबड तिथेच असते.

प्रश्न : मला हिमोफिलिया ए आहे, एमिसिझुमॅब (फॅक्टर 8 चं काम करणारं इंजेक्शन) घेतो, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) नॉर्मल आली. घोटा फ्यूज करायचाय, म्हणजे हाडं जोडून सांधा पक्का करायचाय. फॅक्टरशिवाय चालेल ना?

उत्तर : अजिबात नाही. एमिसिझुमॅबवर एपीटीटी नॉर्मलच दिसते, त्यावरून रक्त नीट गोठतंय असं ठरत नाही, नेहमीच्या पद्धतीने मोजलेली फॅक्टर 8 ची लेव्हलही खोटी जास्त येते. त्यासाठी गाईच्या प्रथिनांवर चालणारी क्रोमोजेनिक टेस्ट लागते, लॅबला तसं सांगावं लागतं. एवढ्या मोठ्या ऑपरेशनला फॅक्टर 8 द्यावाच लागतो. इन्हिबिटर असेल तर सहसा फॅक्टर 7ए देतात, कारण एपीसीसी (गोठवणाऱ्या फॅक्टरांचं मिश्रण) एमिसिझुमॅबसोबत दिलं तर नको तिथे गुठळ्या होऊ शकतात. हे औषध बंद केल्यावरही कित्येक महिने अंगात राहतं, म्हणून सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सांगा, एकाला सांगितलं म्हणजे दुसऱ्याला कळलं असं धरू नका. घोट्याचं फ्यूजन तसं चांगलं ऑपरेशन आहे, सांधा हलत नाही पण दुखणंही जातं, चालणं बहुतेकांचं सुधारतं. दुखण्यासाठी ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका, पॅरासिटामॉल चालतं.