शिवणाचा क्लास नंतर, आधी तो बॉण्ड परत करा

केज तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अध्यक्ष, वय 34, यांचं पत्र थोडक्यात असं:

“खासगी संस्थेत सहा महिन्यांचा फॅशन डिझायनिंगचा कोर्स आहे, फी 35,000. नंतर महिना 20,000 सुटतात म्हणे. पैसे गटातून उचलू की मायक्रोफायनान्सचं कर्ज काढू? घरात महिन्याला 10,000 येतात. गटाला बँकेचं 3 लाखांचं कर्ज मिळालं, ते आम्ही दहा जणींनी 30-30 हजार वाटून घेतलं. माझे पैसे खात्यातच होते. गेल्या महिन्यात हप्ता भरायला गेले तेव्हा बँकेतल्या साहेबांनी सांगितलं म्हणून 24,000 बचत योजनेत टाकले. दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी 4 लाख. बॉण्ड परवाच आला. दोघी ऊसतोडीला गेल्यात, त्यांचे हप्ते गटाच्या बचतीतून भरतो. तीन महिने बैठक झाली नाही.”

ताई, कोर्सचं शेवटी बघू. तो बॉण्ड, म्हणजे परवा आलेला पॉलिसीचा कागद, परत करायची मुदत पळते आहे.

ती बचत योजना नाही, आयुर्विम्याची एंडोमेंट, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली, पॉलिसी आहे. 2 लाख 40 हजार भरून पंधराव्या वर्षी 4 लाख, म्हणजे व्याज पडतं साधारण 5 टक्के, आणि पैसे घातलेत 7 टक्क्यांच्या कर्जातले. वर्षाला 24,000 म्हणजे महिन्याला 2,000, त्यावर गटाचा हप्ता साधारण 925. दहा हजारांतले जवळजवळ तीन हजार असेच गेले. पुढच्या वर्षी सोयाबीन हातचं गेलं आणि हप्ता चुकला, तर भरलेल्यातला मोठा भाग बुडेल. कर्जाचा हप्ता भरायला आलेल्या बाईच्या गळ्यात असली पॉलिसी मारणं मला मुळीच मान्य नाही.

बॉण्ड हाती पडल्यापासून 30 दिवसांत तो परत करता येतो. याला फ्री लूक म्हणतात. साध्या कागदावर लिहा: “अटी मान्य नाहीत, पॉलिसी रद्द करून रक्कम खात्यात जमा करावी.” सोबत मूळ बॉण्ड आणि पासबुकाची झेरॉक्स जोडा. बॉण्डचीही झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. “साहेब रजेवर आहेत, पुढच्या आठवड्यात या,” असं म्हणाले तरी पोहोच घेतल्याशिवाय उठू नका, कारण अशा खेपांमध्येच मुदत संपते. शाखेने अर्ज घेतला नाही तर त्याच दिवशी विमा कंपनीला ईमेल करा आणि 155255 वर तक्रार नोंदवा. मुद्रांक शुल्क आणि झालेल्या दिवसांचा जोखमीचा थोडा खर्च कापून बाकी रक्कम परत येते. विमा घेतला नाही म्हणून गटाचं पुढचं कर्ज अडवू, असं कोणी म्हणालं तर ते लेखी मागा.

विमा हवाच, तर तो घरातल्या कमावत्या माणसाचा काढा. प्रधानमंत्री जीवनज्योतीचे वर्षाला 436 आणि सुरक्षा विम्याचे 20. एवढ्यात मृत्यूसाठी 2 लाख आणि अपघाती मृत्यूसाठी आणखी 2 लाख.

आता गटाचं, आणि मला जास्त काळजी याचीच आहे. तुमचे 30,000 खात्यात पडून राहिले, याचा अर्थ तुम्हाला त्या कर्जाची गरजच नव्हती. समान वाटणीत हेच होतं. जिला म्हशीसाठी 60,000 हवे तिला अपुरे पडतात, जिला नको तिचे कुठेतरी खर्चून जातात, आणि फेडायचं मात्र सगळ्यांनी मिळून. 3 लाख, तीन वर्षं, 7 टक्के: महिन्याला साधारण सव्वानऊ हजार. दोघींचे मिळून 1,850 तुम्ही बचतीतून भरता. ऊसतोडीच्या सहा महिन्यांत हे 11,000 होतात. दहा जणींचे महिन्याला शंभर-शंभर जमवायला जवळजवळ वर्ष लागतं, ते असे वहीत नोंद न होता चालले आहेत. बचत आटली आणि खातं 90 दिवस थकलं, की थकबाकीचा डाग दहाही जणींच्या गटावर बसतो. पीककर्ज सोडलं, तर एवढ्या स्वस्त दराचं दुसरं कर्ज गावात सहसा मिळत नाही.

या आठवड्यात बैठक घ्या. गावातल्या गटांना मदत करणाऱ्या सीआरपी ताईंना बोलवा. बचतीतून गेलेली रक्कम त्या दोघींच्या नावावर अंतर्गत कर्ज, म्हणजे गटाच्या बचतीतून सदस्याला दिलेलं कर्ज, म्हणून लिहा, फोनवरून त्यांची संमती घ्या आणि ठराव करा. हिशेब मिटवून त्या परतल्या की वसुली करा. पुढच्या वर्षापासून ऊसतोडीला जाणाऱ्या बाईने मुकादमाची उचल हाती पडताच सहा हप्ते, म्हणजे 5,550 रुपये, आगाऊ भरायचे. पॉलिसीचे परत आलेले पैसे गटात आणा आणि ज्या बाईकडे खरंच काम आहे तिला द्या; तेवढ्या रकमेचा हप्ता मग ती भरेल.

आणि कोर्स? 35,000 देऊ नका. मायक्रोफायनान्सकडे तर वळूच नका, तिथे व्याज बहुधा वीस टक्क्यांच्या पुढेच असतं. आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, महिनाभराचं निवासी शिवण प्रशिक्षण फुकट देते, जेवणासकट. पुढची बॅच कधी, हे बँक सखीला, म्हणजे गटांची बँकेतली कामं बघणाऱ्या ताईला, विचारा. आधार, पासबुक आणि गटाचा दाखला तयार ठेवा.

महिना 20,000 विसरा. नवशिकी बाई दिवसाला दोन अस्तराचे ब्लाऊज नीट शिवते. 200 रुपयांनी, 20 दिवस, 8,000. अस्तर, दोरा, हुक, वीज यांत 2,000 जातात, उधारीत आणखी 2,000 अडकतात. हातात 4,000, तेही लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी. म्हणून सुरुवात पिको-फॉलपासून करा. त्यात गिऱ्हाईकाचं कापड बिघडत नाही आणि साडी देतानाच पैसे मिळतात. मुंढा (बाहीच्या जोडाचा काप) आणि कटोरी (छातीचा भाग) जुन्या साड्यांवर जमेपर्यंत दुसऱ्याच्या ब्लाऊजला कात्री लावू नका. मशीन गटाच्या अंतर्गत कर्जातून घ्या, पण प्रशिक्षण पूर्ण झाल्यावरच.