वाचकांचे प्रश्न : बंद केलेल्या लोहाच्या गोळ्या आणि सातव्या महिन्यातील तक्रारी

प्रश्न : माझी मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी सातव्या महिन्यात कराडहून आमच्याकडे माहेरी आली आहे. जेवण झाले की तिच्या छातीत जळजळ होते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात आणि संध्याकाळी पावले सुजतात. लोहाच्या गोळ्यांमुळे शौचाला घट्ट आणि काळी होते, म्हणून तिने महिनाभर त्या घेतलेल्याच नाहीत. शेजारच्या बायका म्हणतात की, त्या गोळ्यांनी बाळ काळे होते आणि जळजळ म्हणजे बाळाला केस भरपूर आहेत. गोळ्यांऐवजी गूळ-शेंगदाणे चालतील का? पोट साफ होण्यासाठी एरंडेल द्यावे का?
— एक आई, तालुका तासगाव

उत्तर : आपण पत्रात गोळ्या बंद केल्याचे ओघात लिहिले आहे, पण मला काळजी वाटते ती त्याचीच, म्हणून सुरुवात तिथून करते. गरोदरपणात आईच्या शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढते आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळ जन्मानंतरच्या काही महिन्यांसाठी लोहाचा साठा आईकडूनच घेत असते. म्हणजे गरज सर्वांत जास्त असताना मुलीने गोळी सोडली आहे. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली असेल, तर प्रसूतीच्या वेळी होणारा एरवी सोसण्याजोगा रक्तस्रावही तिला जड जाऊ शकतो. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. तेवढे लोह गूळ-शेंगदाण्यांतून रोज मिळणे शक्य नाही. ते खाऊ म्हणून जरूर द्यावेत, गोळीऐवजी नव्हे. शौचाचा काळा रंग हा न शोषल्या गेलेल्या लोहाचा असतो, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. बाळाचा वर्ण आईवडिलांकडून येतो, गोळीतून येत नाही.

त्रास कमी करण्यासाठी गोळीची वेळ बदलून पाहावी. कॅल्शियमची गोळी सकाळच्या न्याहरीबरोबर आणि रात्रीच्या जेवणाबरोबर, तर लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर तासाभराने, पेलाभर पाण्याबरोबर द्यावी. दोन्ही गोळ्या एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषले जात नाही, आणि चहामुळेही तेच होते. आपल्याकडे जेवण उरकताच चुलीवर आधण चढते, तो चहा निदान दोन तास पुढे ढकलावा. एवढे करूनही गोळी सोसत नसेल, तर डॉक्टर गोळीचा प्रकार बदलून देतात किंवा गरज असल्यास सलाईनमधून लोह देतात. परंतु आपणहून गोळी बंद करू नये.

एरंडेल मात्र मुळीच देऊ नये, कारण त्याने गर्भाशयाच्या कळा सुरू होऊ शकतात. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, पेरू आणि भरपूर पाणी यांनी पुष्कळ फरक पडतो. आपला तालुका तर बेदाण्याचा. रात्री मूठभर बेदाणे भिजत घालून सकाळी पाण्यासकट द्यावेत, मात्र तपासणीत साखर वाढलेली आढळली असेल तर ते टाळावेत. तेवढ्याने भागले नाही, तर डॉक्टरांना विचारून इसबगोल देता येते.

बाळाला केस असोत वा नसोत, जळजळीचे कारण असे की, गरोदरपणातील संप्रेरकांमुळे अन्ननलिका आणि जठर यांच्यामधील झडप सैल पडते आणि वाढलेले गर्भाशय जठराला वर ढकलते. माहेरी आलेल्या लेकीला दोन जिवांची म्हणून आग्रहाने वाढले जाते. त्या मायेला माझे नमन, पण तेच जेवण दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. खर्डा आणि तळलेले पदार्थ काही दिवस बाजूला ठेवावेत, रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी दोन-तीन तास आधी उरकावे, आणि पाठीखाली उशा देऊन तिला डाव्या कुशीवर झोपवावे. खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याची सवय असेल, तर ती सोडावी, कारण त्यातून सोडियम फार जाते.

पोटरीत गोळा आला की पाय सरळ करून पंजा गुडघ्याच्या दिशेने ओढावा आणि झोपण्यापूर्वीही हाच ताण दोन-चार वेळा द्यावा.

सुजेबाबत मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे. संध्याकाळी आलेली आणि पाय उंचावर ठेवून झोपल्यावर सकाळपर्यंत ओसरणारी पावलांची सूज बहुधा साधी असते, आणि तिच्यासाठी मीठ किंवा पाणी तोडण्याची गरज नसते. परंतु चेहरा सुजला, बांगड्या-अंगठी अचानक घट्ट झाल्या, डोके खूप दुखू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बरगड्यांखाली दुखू लागले, तर ती रक्तदाब वाढल्याची खूण असू शकते; १४०/९० किंवा त्याहून अधिक रक्तदाब गरोदरपणात धोक्याचा मानला जातो. एकच पाय सुजून दुखत असेल, बाळाची हालचाल कमी वाटली, रक्त किंवा पाणी गेले, किंवा रक्तदाबाची वर सांगितलेली कोणतीही खूण दिसली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

मुलीची नोंदणी कराडला झाली असेल, तर आता आपल्या गावच्या आशाताईंकडेही तिचे नाव नोंदवावे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य संस्थांमध्ये मोफत तपासणी होते; तिथे तिचा रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासून घ्यावी. जाताना माता व बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे कागद आणि उरलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत, आणि किती दिवस गोळ्या घेतल्या नाहीत हे डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नये. पुढची मात्रा त्यावरच ठरते.