वाचक विचारतात : बर्फात जायचंय? सुती बनियन घरी ठेवा

निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर आला की आपल्याकडे बातमी होते आणि पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. मुलं-मुली ज्या गावांत स्थिरावली आहेत तिथे पाच अंश म्हणजे उघडीप! या अंकासाठी आलेले बरेच प्रश्न परदेशातल्या बर्फाचे आहेत. काही निघण्याच्या तयारीतल्यांचे, काही तिथून लिहिलेले.

जानेवारीत मुलाकडे टोरांटोला तीन महिन्यांसाठी जात आहोत. दोघंही पासष्टीचे. गरम कपडे इथूनच न्यावेत की तिथे घ्यावेत? आणि साडी नेसता येईल का?
*– एक दांपत्य, गंगापूर रोड*

आतले कपडे इथून न्या, बाहेरचे तिथे घ्या. टोरांटोत जानेवारीत दुपारी शून्याच्या आसपास आणि पहाटे उणे सात-आठ असं साधारण हवामान असतं. मधूनच चार-सहा दिवस उणे १५ किंवा त्याखालीही जातात. घरात मात्र हीटिंगमुळे २०-२१ अंश. म्हणजे दिवसातून चार वेळा कपडे चढवायचे आणि उतरवायचे. म्हणून एकच जाडजूड कोट घालण्यापेक्षा तीन थर सोयीचे.

पहिला थर अंगाला चिकटून बसणारा थर्मल. तो लोकरीचा किंवा पॉलिएस्टरचा हवा, सुती अजिबात नको. आपली सगळी गडबड इथेच होते. थर्मलच्या आत सवयीने सुती बनियन घातलं जातं, चालताना घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि थांबलं की तेच ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. माणसाला वाटतं जॅकेट कमी पडलं. प्रत्यक्षात हुडहुडी भरलेली असते बनियनमुळे. थर्मल घेताना लेबल वाचा, कारण इथे मिळणाऱ्या पांढऱ्या थर्मलमध्ये सुताचं प्रमाण अनेकदा भरपूर असतं. प्रत्येकी तीन जोड पुरतात.

दुसरा थर फ्लीसचा किंवा लोकरी स्वेटरचा. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटात मिळणारा स्वेटर या थराला चांगला चालतो, फक्त त्यालाच बाहेरचा कपडा समजू नका. त्याच्या विणीतून वारा आरपार जातो. तिसरा थर वारा आणि पाणी अडवणारं, मांड्या झाकणारं, टोपीचं जॅकेट. हे आणि बूट तिथेच घ्या. इथे निवड कमी, शिवाय सामानाचं वजन फुकट जातं. जानेवारीअखेरपासून तिथे हिवाळी कपड्यांचे सेल लागतात. तोवर मुलाचं जुनं जॅकेट चालवा.

बूट मोजे घालूनच पायात घालून बघा. पुढे बोटं हलली पाहिजेत. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गारठतात. तिथे एकच जाड लोकरी मोजा बरा. बुटांवर ‘उणे ३०’ वगैरे छापलेलं असतं, पण ते मोजण्याची सगळ्या कंपन्यांची मिळून एक अशी पद्धत नाही, म्हणून त्या आकड्यावर फार विसंबू नका. आतलं अस्तर काढून वाळवता येतं का आणि तळवा मऊ रबराचा आहे का, हे बघा. कडक प्लास्टिकचा तळ थंडीत आणखी कडक होऊन घसरतो. हातांसाठी पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा चारही बोटं एकत्र ठेवणारे मिटन जास्त ऊबदार.

साडी जरूर नेसा. परकराऐवजी आत लोकरी किंवा फ्लीसची लेगिंग, साडी घोट्याच्या वर, पायात बूट, आणि चपला पिशवीत. रस्त्यावरच्या मीठमिश्रित चिखलात काठ बुडला तर पांढरे डाग पडतात. बुटांवर तसे डाग पडले तर पाणी आणि व्हिनेगर समप्रमाणात घेऊन ओल्या फडक्याने पुसावेत. रेशमी साडीवर मात्र हा प्रयोग नको.

निघताना एक खूण लक्षात ठेवा : दाराबाहेर पडल्यावर किंचित गार वाटलं पाहिजे. दहा मिनिटं चालल्यावर अंग बरोबर होतं. दारातच छान ऊब वाटली तर पुढे घाम नक्की.

मोबाइलवर उणे १० दाखवतं आणि खाली ‘फील्स लाइक उणे २०’. खरं कुठलं धरायचं?
*– एक विद्यार्थिनी, मूळ नाशिकरोड*

दोन्ही खरे आहेत. हवा उणे १० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीची उष्णता उणे २० इतक्या वेगाने जाते. कॅनडात हवामान खातं हाच आकडा देतं. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी १० ते ३० मिनिटांत गोठू शकते. कपडे या आकड्यावरून ठरवा. जाताना वारा पाठीवर ठेवून निघालात तर परतताना तो तोंडावर येणार. म्हणून सुरुवात वाऱ्याला तोंड देऊन करा, म्हणजे परतताना घाम आलेला असताना वारा समोरून लागणार नाही.

सून रोज म्हणते, ‘आई, थोडं चालून या.’ पण घसरून पडायच्या भीतीने मी महिनाभर घरातच आहे. काठी घेऊन जावं का?
*– मूळ पंचवटी, सध्या मिनिआपोलिस*

तुमची भीती योग्य आहे. दिवस मात्र तुम्ही बहुधा उलटे निवडता आहात. उणे १५ चा कोरडा, भुसभुशीत बर्फ पायाखाली करकरतो आणि पाय धरतो. धोका शून्याच्या आसपास असतो. दुपारी बर्फ वितळून पाणी होतं, रात्री ते गोठतं, आणि सकाळी रस्ता नुसता ओला दिसतो, पण तो काचेसारखा झालेला असतो. म्हणून आदल्या दुपारी ऊन पडलं असेल तर सकाळी सात-आठला फिरायला जाण्याची नाशिकची सवय सोडा. दुपारी बाराच्या पुढे निघा.

चालताना पाऊल छोटं, तळवा सपाट टाकायचा, गुडघे जरा सैल, भार पुढच्या पायावर. हात खिशात नकोत, तोल सावरायला ते मोकळे लागतात. बुटांवर चढवायचे रबरी पट्ट्यांचे काटे मिळतात. ते घ्या, पण दुकानात किंवा घरात शिरताना काढा. फरशीवर तेच काटे बर्फापेक्षा वाईट घसरतात. काठीच्या टोकाला दुमडता येणारा लोखंडी काटा बसवून मिळतो. साधी रबरी टोपणाची काठी बर्फावर नुसता धीर देते. नातवाला कडेवर घेऊन मात्र उतरू नका. पडताना माणूस लेकराला वाचवायला जातो आणि स्वतःचं मनगट किंवा खुबा मोडून घेतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि पडताना डोक्याला लागलं, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रस्ता फारच वाईट असेल त्या दिवशी सकाळी मॉलमध्ये फेऱ्या मारणाऱ्या तुमच्या वयाच्या बायका तुम्हाला भेटतील. त्यांच्यात सामील व्हा.

मुलांना बर्फाचा माणूस करायचा असतो, पण गोळाच वळत नाही. आमचं काय चुकतं?
*– मूळ सिडको, सध्या कॅलगरी*

तुमचं काही चुकत नाही. बर्फ कोरडा आहे. उणे १० च्या बर्फात पाण्याचा अंशच नसतो, तो रव्यासारखा सुटतो आणि लाडू वळत नाही. शून्याच्या एक-दोन अंश इकडेतिकडे असलेला दिवस बघा, मूठ दाबून पाहा, टिकली तर कामाला लागा. गोळा लोटताना दर दोन-तीन वेढ्यांनी दिशा बदला, नाहीतर त्याचा दंडगोल होतो. मधला गोळा खालच्यापेक्षा लहानच ठेवा, कारण तो उचलायला दोन मोठी माणसं लागतात. कोरड्या दिवशी घसरगाडी बरी.

घसरगाडीसाठी उतार असा निवडा की खाली मोकळं सपाट मैदान असेल आणि रस्ता, झाड, कुंपण, गोठलेलं तळं यांपैकी काहीही नसेल. बसून, पाय पुढे करूनच सुटायचं. पालथं पडून डोकं पुढे करून नाही. हेल्मेट हवंच, सायकलचंही चालतं. गोल ताटलीसारखी गाडी गरगर फिरते आणि तिला दिशा देता येत नाही, लहानांना ती देऊ नका. गळ्यात लोंबता मफलर नको, तो अडकतो. गळपट्टी घाला. रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात बोगदा खणायची मुलांना भारी हौस असते, तिला स्पष्ट नकार द्या. ढीग कोसळतो, आणि बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या चालकाला आतलं मूल दिसत नाही.

तिथे जाताना होणारी एक चूक सांगतो : मुलांना फुगीर जॅकेटसकट गाडीच्या सीटमध्ये बांधणं. धडक झाली की जॅकेट चपटं होतं आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढा, पट्टा खांद्यापाशी चिमटीत धरता येणार नाही इतका आवळा आणि जॅकेट उलटं करून वरून पांघरा.

ओटावाचा गोठलेला कालवा बघायचा आहे. फेब्रुवारीची तिकिटं आत्ताच काढावीत का? आम्हा कुणालाच स्केटिंग येत नाही.
*– एक कुटुंब, इंदिरानगर*

रिडो कालव्यावरची ही स्केटिंगची वाट ७.८ किलोमीटर लांब आहे आणि ती शहराच्या मधोमध जाते. प्रवेश मोफत, स्केट भाड्याने मिळतात. पण ती निसर्गाच्या मर्जीवर उघडते. बर्फ साधारण ३० सेंटिमीटर जाड झाल्याशिवाय लोकांना सोडत नाहीत, आणि २०२२-२३ च्या हिवाळ्यात तर ती एकही दिवस उघडली नाही. तेव्हा फक्त कालव्यासाठी तिकीट काढू नका. ओटावात इतर दोन-तीन गोष्टी ठरवा आणि कालवा मिळाला तर प्रसाद समजा. प्रवेशापाशी हिरवा झेंडा असेल तरच उतरायचं, लाल असेल तर परत.

पहिल्यांदा स्केट बांधताना बोटांपाशी जरा सैल, घोट्यापाशी गच्च बांधा. मोजा एकच आणि पातळ. गुडघे वाकवा, नजर पायांवर नको, समोर ठेवा. पडणार हे कळलं की मागे हात टेकू नका, कुशीवर कला. मनगटं वाचतात. हेल्मेट मोठ्यांनीही घाला, त्यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांना हे झेपणार नाही त्यांच्यासाठी जवळच्या गॅटिनो पार्कमध्ये बर्फावर चालायच्या जाळीदार जोड्यांच्या, म्हणजे स्नोशूच्या, वाटा आहेत. ते शिकायला पाच मिनिटं पुरतात आणि पासष्टीतही जमतं. आमचं मत विचाराल तर पहिल्या हिवाळ्यात स्कीइंगच्या खर्चात पडण्याआधी स्नोशू करून बघा.

आणि कुठल्याही निनावी तळ्यावर, बाकीचे दिसतात म्हणून, पाऊल टाकू नका. पांढरा, बर्फ साचून झालेला थर हा नितळ निळसर थराच्या जेमतेम निम्म्या ताकदीचा असतो.

बर्फात खेळून आल्यावर मुलीची बोटं पांढरी आणि बधिर झाली. हीटरवर शेकली, तळहातांनी चोळली. बरोबर केलं का?
*– मूळ सातपूर*

दोन्ही टाळायला हवं होतं. आपल्याला शेकोटीची सवय, त्यामुळे हात आपोआप पुढे जातो. पण बधिर बोटाला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. चोळल्याने गोठलेल्या भागाला इजा होते. त्यावर बर्फ चोळणं तर त्याहून वाईट. ओले मोजे काढा, बोटं काखेत धरा किंवा ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात बुडवा. बाळाच्या अंघोळीचं पाणी कोपराने बघतो, तितपत कोमट. रंग परत येताना झिणझिण्या आणि ठणका येतो, तो चांगला. अर्ध्या तासात रंग आला नाही, फोड आले किंवा कातडी मेणासारखी कडक लागली तर थेट इस्पितळ. परत थंडीत जायचंच असेल तर बाहेर असताना ऊब देऊ नका. वितळून पुन्हा गोठलं की नुकसान जास्त.

घरापुढचा बर्फ काढायला माझे वडील हट्टाने उतरतात. वय ६२, थोडा रक्तदाब. व्यायाम म्हणून चालेल का?
*– मूळ कॉलेज रोड, सध्या बफेलो*

आधी हिशेब करा. तीन मीटर रुंद, दहा मीटर लांब जागेवर दहा सेंटिमीटर ताजा बर्फ म्हणजे साधारण ३०० किलो. तांदळाची ५० किलोची सहा पोती. ओला बर्फ याच्या दुप्पट-तिप्पट भरतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, हात उचलून केलेल्या कामाने रक्तदाब चढतो, त्यात जोर लावताना श्वास रोखला जातो. बैठ्या माणसाच्या हृदयाला हे तिन्ही एकदम झेपत नाही. डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय फावडं हातात देऊ नका. परवानगी मिळालीच तर उचलायचं नाही, ढकलायचं. पंधरा मिनिटांनी विश्रांती, आणि जेवणावर लगेच नाही. मीठ टाकताना लक्षात असू द्या, साधं मीठ उणे नऊ-दहाच्या खाली जवळजवळ निकामी ठरतं. तिथे वाळू टाका, ती वितळवत नाही पण पाय धरते.

दिवसभराच्या सहलीला घरचं काय न्यावं? पोळ्या दगड होतात.
*– मूळ इंदिरानगर, सध्या म्युनिक*

पोळ्यांऐवजी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या न्या, त्या मऊ राहतात. थर्मासात आधी उकळतं पाणी दहा मिनिटं ठेवून ओता, मग वाफाळती मुगाची खिचडी गळ्यापर्यंत भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. चिवडा तिथल्या कोरड्या हवेत इथल्यापेक्षा जास्त कुरकुरीत राहतो. डिंकाचे लाडू मात्र बॅगेत ठेवू नका, उणे १० मध्ये दात पडायची वेळ येते. जॅकेटच्या आतल्या खिशात मोबाइलशेजारी ठेवा. मोबाइललाही तीच जागा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. थंडीत तहान कळत नाही, म्हणून पाणी ठरवून प्या. बाटली बॅगेत उलटी ठेवा : पाणी वरून गोठायला लागतं, त्यामुळे झाकणाकडची बाजू मोकळी राहते.