आरोग्य विम्यातला घोटाळा दिसल्यावर लोक तक्रार कशामुळे करतात?

माझ्यापुरतं सांगतो, एका एसएमएसमुळे केली. नाहीतर मी काय तक्रारी करत फिरणारा माणूस नाही.

आईला डेंग्यू झाला होता, तीन दिवस जनरल वॉर्डात, कॅशलेस झालं, खिशातून किरकोळ नऊशे रुपये गेले तेवढेच, आम्ही खूश होऊन घरी. दोन दिवसांनी टीपीएचा (विमा कंपनीसाठी क्लेम हाताळणारी एजन्सी) मेसेज, क्लेम १,१२,००० पास. ॲपमध्ये बघतो तर पाच दिवस ॲडमिट, त्यातले दोन आयसीयूत! आईने आयसीयूचं दारसुद्धा बघितलेलं नाही. आधी हसूच आलं, म्हटलं जाऊदे, कंपनीचे पैसे आहेत. मग ट्यूब पेटली की पॉलिसी तीन लाखांची फ्लोटर आहे, म्हणजे सगळ्या घराला मिळून तेवढेच, आणि पुढच्या महिन्यात बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. तेव्हा कुठे डोकं फिरलं.

तरी चार दिवस गप्पच होतो, कारण तालुक्यात बरा फिजिशियन तो एकच, उद्या रात्री दोनला कुणाच्या छातीत दुखलं तर त्याच्याच दारात जायचंय. बहुतेक लोक इथेच अडतात. शेवटी विमा कंपनीला मेल टाकला तो डिस्चार्ज कार्डामुळे, त्यावर तीनच दिवस लिहिलेले, म्हणजे पुरावा हॉस्पिटलनेच हातात दिलेला. तो नसता तर मीपण सोडून दिलं असतं. दीड महिन्याने रक्कम पॉलिसीत परत आली.

आणि जे स्वतःच ओपीडीतल्या टेस्ट फुकटात व्हाव्यात म्हणून एक दिवस ॲडमिट दाखवून घेतात (आमच्याच बिल्डिंगीत दोघं आहेत) ते कुठल्या तोंडाने बोलणार?

सरकारी योजनेत तर आपल्या नावावर काय उचललं हेच कळत नाही. २०२३ च्या कॅग अहवालात आयुष्मान भारतच्या जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांपुढे एकच मोबाइल नंबर सापडला, दहाच्या दहा आकडे नऊ. त्यांचा मेसेज कुणाच्या फोनवर जाणार? योजनेची १४५५५ हेल्पलाइन आहे, पण फोन करायला आधी कळायला तर पाहिजे.

अमेरिकेत फॉल्स क्लेम्स ॲक्टखाली सरकारला लुटणाऱ्यावर केस टाकून जिंकलात तर वसुलीतला साधारण १५ ते ३० टक्के वाटा मिळतो, त्यामुळे मेडिकेअरची (तिथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) लबाडी आतली माणसंच बाहेर काढतात. मला मिळाला आईचा ओरडा, "डॉक्टरांशी कशाला वाकडं घेतलंस रे?"